एकवीस फुटांचा वर्ग

"या सत्राची सगळी पत्रं लिहून झाली," तिसरीच्या बाईंनी सुट्टीच्या शेवटच्या रविवारी भर दुपारी जाहीर केलं आणि लॅपटॉप असा मिटला, की आता शाळा उघडली नाही तरी चालेल.

पत्रं म्हणजे कसली, ते आधी सांगतो. बाईंच्या शाळेत नियम होता. दर शुक्रवारी चार वाजता प्रत्येक वर्गाच्या बाईंनी पालकांच्या मोबाईलवर एक पत्र पाठवायचं. या आठवड्यात मुलं काय शिकली, काय केलं, घरी त्यांना काय विचारावं, असं सगळं त्यात. बाकीच्या बाया शुक्रवारी साडेतीनला स्टाफरूममध्ये डोकं धरून बसायच्या, कारण सोमवारी काय शिकवलं ते शुक्रवारी कोणाच्या बापाला आठवत नसे. 'ब' तुकडीच्या बाई तर मागच्याच पत्रातली वाक्यं वर-खाली करून पाठवायच्या. आपल्या बाईंना असं घायकुतीला येणं मुळीच मान्य नव्हतं. काय शिकवायचं ते पुस्तकात आहे, कधी शिकवायचं ते नियोजनात आहे, मग शिकवलं असं लिहायला शिकवून होईपर्यंत थांबायचं कशाला? म्हणून त्यांनी बारा आठवड्यांची बारा पत्रं एका सुट्टीत लिहिली, सगळी भूतकाळात लिहिली, आणि शाळेच्या ॲपमध्ये तारखा घालून बसवून टाकली. शुक्रवारी चार वाजले की पत्र आपोआप जाणार.

"अगं, पण अजून काही झालंच नाहीये," बाईंचे यजमान म्हणाले. ते बस डेपोत वेळापत्रकं तयार करायचे.

"होणारच आहे ना."

"आमच्याकडेही तसंच असतं. बस सुटो न सुटो, साडेआठची बस कागदावर साडेआठला सुटलेली असते. थांब्यावर उभी असलेली माणसं सोडली तर कोणाची काही तक्रार नसते."

"तुमच्या बसगाड्या आणि माझा वर्ग एका मापाने मोजू नका," बाई म्हणाल्या. यजमानांनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, कुठे थांबायचं ते त्यांना कळत होतं.

पहिले तीन शुक्रवार सगळं कसं बिनबोभाट पार पडलं. इतर बाया डोकं धरून बसलेल्या असताना आपल्या बाई चहा पीत खिडकीबाहेर बघत बसायच्या. चारला फोन वाजायचा, पत्र गेलेलं असायचं. "तुम्हाला जमतं कसं हो?" असं 'ब' तुकडीच्या बाईंनी एकदा विचारलं, तेव्हा बाई नुसत्या हसल्या. ते हसू तीन आठवडेच टिकलं.

चौथ्या सोमवारी सकाळी बाईंनी यजमानांना हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं आणि आठवडाभर तोंड उघडायचं नाही असं बजावलं. यजमानांनी डॉक्टरांचे दोनदा आभार मानले, हे बाईंच्या लक्षात राहिलं. वर्ग खेळाच्या सरांकडे गेला. खेळाच्या सरांनी पाच दिवस मुलांना मैदानावर पळवलं आणि ऊन वाढलं की वर्गात आणून डोकं बाकावर ठेवून गप्प बसायला सांगितलं.

शुक्रवारी चार वाजता बाई घरी डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफ घेत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. त्यांचंच पत्र त्यांनाच आलं होतं. "या आठवड्यात आपण लांबी मोजायला शिकलो. मुलांनी गट करून आपला वर्ग मोजला. वर्गाची लांबी एकवीस फूट भरली. घरी विचारा: एकवीस फुटांत तीन फूट किती वेळा?"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. वर्ग एकवीस फूट आहे हे त्यांनी कशावरून लिहिलं होतं? कशावरूनही नाही. एकवीसला तीनने भाग जातो, एवढीच त्या आकड्याची लायकी होती. आता सत्तावीस-अठ्ठावीस घरांतून फोन येणार आणि आपल्याला तर बोलताही येणार नाही, अशा विचाराने त्या टॉवेल डोक्यावर तसाच ठेवून बसून राहिल्या.

फोन आले नाहीत, निरोप आले, आणि सगळे कौतुकाचे. बाईंचा घसा बसलाय, एवढंच काय ते घरोघर पोचलं होतं. "घसा बसलेला असताना एवढं शिकवलंत!" "खुणांनी शिकवलंत की काय?" "बाई, तुम्ही आहात म्हणून आमचा मुलगा शाळेत टिकला." आता हे कसं झालं? तिसरीतल्या मुलाला आज शाळेत काय शिकवलं असं विचारून बघा. "काही नाही" हेच उत्तर येणार. शिकवलं तरी काही नाही, नाही शिकवलं तरी काही नाही. त्यामुळे त्या आठवड्यात मुलं खरंच सांगत होती तरी सत्तावीस घरांत कोणाला संशय आला नाही.

अठ्ठाविसावं घर मुंगीचं होतं. मुंगी हे नाव तिला स्टाफरूमने दिलेलं. वर्गात सगळ्यात बुटकी, आणि वर्गातला कण न् कण उचलून घरी नेणारी. कोणाचा डबा सांडला, फळ्यावर कोणतं गणित बाईंनी पुसून पुन्हा लिहिलं, सगळं घरी साग्रसंगीत सांगायची. तिचे आईवडील दोघंही दिवसभर कामावर, त्यामुळे अभ्यासाचं खातं आजोबांकडे. आणि आजोबा कोण? वजनमापं तपासणारे निवृत्त अधिकारी. बत्तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू उचलून बघितलेले. तोंडाने कोणीही काहीही सांगतो, कागद काय म्हणतो ते बघायचं, अशी त्यांची शिकवण. बाईंची सगळी पत्रं त्यांनी छापून घेऊन फाईलला लावली होती.

पुढच्या सोमवारी बाई शाळेत आल्या, तर मुंगी टेबलाजवळ उभीच.

"बाई, आजोबा विचारत होते वर्ग किती फूट आहे. मी म्हटलं, मोजला नाही. ते म्हणाले पत्रात लिहिलंय. बाई, आपण कधी मोजला?"

"मोजू या हं," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "जागेवर बस."

खरं तर त्याच दिवशी बाईंनी सांगून टाकायला हवं होतं. पण मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सगळ्या स्टाफसमोर त्यांच्या पाठीवर थाप मारली. "खेळाच्या सरांना घरून धडा सांगितलात वाटतं! आजारी असूनही पत्र चुकलं नाही. पुढच्या महिन्यात शिक्षणाधिकारी येणार आहेत. त्यांना मी या वर्गाची सगळी पत्रं दाखवणार आहे." 'ब' तुकडीच्या बाईंचा चेहरा इतका पडला, की आपल्या बाईंच्या जिभेवर आलेलं सत्य गुपचूप घशात परत गेलं. घसा तर दुखतच होता.

आता तुम्ही म्हणाल, उरलेली पत्रं बदलायची. पाच मिनिटांचं काम. पण बाईंचा स्वभाव आडवा आला. इतकं कौतुक झाल्यावर "या आठवड्यात आपण मागे पडलो" असं स्वतःच्या हाताने लिहायचं? त्यापेक्षा त्यांनी असं ठरवलं की पत्र बदलायचं नाही, आठवडा बदलायचा. मागचा आठवडा आणि हा आठवडा, दोन्ही एकाच आठवड्यात उरकायचे. माणसाने आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचं ठरवलं की इतरांनी काय करायचं?

तारांबळ उडाली. सकाळी बेरीज, दुपारी वजाबाकी, मधल्या सुट्टीत कविता. पाचव्या पत्रात लिहिलं होतं की मंगळवारी पेरलेल्या घेवड्याला शुक्रवारपर्यंत दोन बोटं उंच कोंब आले. बाईंनी मंगळवारी अठ्ठावीस प्लास्टिकच्या वाट्यांत घेवडा पेरला. कोंब लवकर यावेत म्हणून मुलांनी दिवसातून सहा वेळा पाणी घातलं, बाईंनीच घालायला लावलं. गुरुवारपर्यंत कोंबाचा पत्ता नव्हता, नुसता वास होता. वर्ग मोजायचं शुक्रवारच्या शेवटच्या तासाला ठरलं होतं, तर नेमका तेव्हा वऱ्हांड्यातला नळाचा पाइप फुटला आणि सगळी शाळा चपला हातात घेऊन मैदानात उभी राहिली. तिथेच चार वाजले. बाईंच्या पिशवीत फोन वाजला. कोंब आले होते, दोन बोटं उंच.

सोमवारी मुंगी पुन्हा टेबलाजवळ.

"बाई, मला आजोबांनी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं."

"का गं? कान दुखतोय?"

"नाही. पत्रातलं मला काहीच ऐकू आलेलं नसतं ना, म्हणून. डॉक्टर म्हणाले कान चांगले आहेत. मग आजोबा म्हणाले, कान चांगले म्हणजे लक्ष नाही. आता मला संध्याकाळी खाली खेळायला जायचं नाही. पत्र पाठ करायचं. मी म्हणून दाखवू? या आठवड्यात आपण लांबी मोजायला शिकलो. मुलांनी गट करून आपला वर्ग मोजला. वर्गाची लांबी एकवीस फूट भरली." मुंगीने दम घेतला. "पण आपण मोजला नाही ना, बाई? मी आजोबांना म्हटलं, मोजला नाही. ते म्हणाले, खोटं बोलायला कधीपासून लागलीस? बाई, मी खोटं बोलते का?"

त्याच क्षणी तासाची घंटा झाली आणि बाईंनी "चला, वह्या काढा" म्हणून फळ्याकडे तोंड वळवलं.  त्यांना स्वतःची लाज वाटत होती. अठरा वर्षं शिकवत होत्या, पण आठ वर्षांच्या पोरीला पाठ दाखवायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

"सांगून टाक मोठ्या बाईंना," यजमान घरी म्हणाले.

"अधिकारी येऊन गेले की सांगते."

"म्हणजे आणखी तीन आठवडे ती पोरगी पत्रं पाठ करणार."

"मी मुद्दाम केलं का?" बाई चिडून म्हणाल्या. यजमान भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढचे तीन शुक्रवार बोटाने मोजू लागले. त्याचा बाईंना जास्तच राग आला.

पण आणखी तीन आठवडे काही निघाले नाहीत. गुरुवारी शिपाईमामा वर्गाच्या दारात येऊन म्हणाले, "मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलंय. मुंगीलाही घेऊन या." ऑफिसात मुंगीचे आजोबा ताठ बसले होते. मांडीवर फाईल, फाईलवर एक अर्ज.

"वाचा बाई," मोठ्या बाई म्हणाल्या आणि अर्ज पुढे सरकवला. आजोबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं की माझ्या नातीला तिसरीचा अभ्यास झेपत नाही, तरी तिला परत दुसरीत बसवावं.

 "अहो, दुसरीत कशाला? हुशार आहे ती," बाई म्हणाल्या.

"हुशार आहे तर तिला आठवत कसं नाही?" आजोबा म्हणाले. ते रागावलेले नव्हते, खचलेले होते, आणि ते बघणं जास्त अवघड होतं. "बाई, तुमचा काही दोष नाही. घसा बसलेला असतानाही तुम्ही सरांकडून शिकवून घेता. पण हिच्या लेखी वर्गात काही घडतच नाही. वर्ग मोजला नाही म्हणते, कोंब आले नाहीत म्हणते. आधी वाटलं कान. मग वाटलं लक्ष नाही. आता वाटतं, पोर बिचारी मागे पडलीय आणि लपवायला खोटं बोलतेय. एक वर्ष गेलं तर गेलं, पण खोट्याची सवय नको."

मुंगी भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. दुसरीच्या वर्गात आपल्या बाकावर आता कोण बसत असेल, याचा ती बहुधा हिशेब करत होती.

"मुंगे, वर्ग किती फूट लांब आहे?" मोठ्या बाईंनी मायेने विचारलं.

"वर्गाची लांबी एकवीस फूट भरली."

"बघा, येतंय की हिला."

"पण आम्ही मोजला नाही," मुंगी म्हणाली.

आजोबांनी मान हलवली. "हे असं. चला, तिच्यासमोर मोजूनच दाखवतो, म्हणजे वाद मिटेल." आणि त्यांनी खिशातून स्टीलचा टेप काढला. बत्तीस वर्षं वजनमापात काढलेला माणूस, टेप घेतल्याशिवाय तो घराबाहेर पडेल होय? बाईंना म्हणावंसं वाटलं की कशाला उगाच त्रास, पण तोवर आजोबा उठून वऱ्हांड्यात पोचलेही होते.

वर्गात सत्तावीस मुलं माना उंचावून बघत राहिली. शिपाईमामांनी टेपचं टोक फळ्याखाली धरलं, आजोबा मागच्या भिंतीपर्यंत गेले, वाकले, चष्मा वर केला, आकडा बघितला.  पुन्हा मोजलं. मग टोक स्वतः धरलं, मामांना मागे पाठवलं आणि तिसऱ्यांदा मोजलं.

"सव्वीस फूट चार इंच," ते म्हणाले.

मोठ्या बाई सावकाश आपल्या बाईंकडे वळल्या. "बाई, हा वर्ग वाढला कधी?"

आता बाईंपाशी एक वाट होती, आणि ती त्यांना लगेच दिसली. "मुलंच ती," त्या म्हणाल्या, "लहान आहेत, मोजताना हात..." आणि तेवढ्यात त्यांची नजर मुंगीवर गेली. मुंगी त्यांच्याकडे बघत होती. रागाने नाही. बाई आता काय सांगतात ते ऐकून घरी न्यायला ती उभी होती.

बाईंना पुढचं वाक्य बोलता येईना. या वेळी घसा ठणठणीत होता.

"मोजलाच नाही," बाई म्हणाल्या. "त्या आठवड्यात मी शाळेतच नव्हते. पत्र सुट्टीत लिहून ठेवलं होतं. एकवीस हा आकडा मी मनानेच घातला. कोंबही आले नाहीत, घेवडा कुजला. बाराच्या बारा पत्रं लिहून तयार आहेत. ही म्हणतेय ते खरं आहे, पहिल्या दिवसापासून खरं आहे. मला हिने विचारलंही होतं आणि मी उत्तर दिलं नाही."

 मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "मी पण सांगितलं होतं घरी, काही नाही म्हणून." त्याला शेजारच्याने गप्प केलं.

आजोबांनी टेप गुंडाळला. "मापात मारणारे दुकानदार मी शेकड्याने धरले," ते म्हणाले, "पण दुकानात माल यायच्या आधीच वजन लिहून ठेवणारा आजवर एकही भेटला नव्हता."  

मग आजोबा गुडघ्यांवर हात ठेवून कसेबसे मुंगीसमोर बसले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "तू सांगत होतीस आणि मी कागद वाचत बसलो."

मुंगीने थोडा विचार केला. "मग मी आज खेळायला जाऊ?"

"जा. आजपण जा, उद्यापण जा." आजोबांचा आवाज जरा ओला झाला. त्यांनी अर्जाचे चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले.

मोठ्या बाईंनी ऑफिसात दार लावून बाईंना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अधिकाऱ्यांना 'ब' तुकडीची पत्रं दाखवायचं ठरलं, हा त्यातला सगळ्यात जिव्हारी लागणारा भाग. उरलेली सगळी पत्रं ॲपमधून काढून टाकायची, दर शुक्रवारी बसून खरं पत्र लिहायचं, असं फर्मान निघालं. पण आजोबांचं तेवढ्याने समाधान होईना. "आमच्या खात्यात पडताळणीचा शिक्का असल्याशिवाय माप वापरता येत नाही," ते म्हणाले. "यांच्या पत्राची पडताळणी कोण करणार?" मोठ्या बाईंनी एकदा बाईंकडे बघितलं, एकदा मुंगीकडे, आणि निकाल देऊन टाकला.

तेव्हापासून शुक्रवारी साडेतीन वाजले की आपल्या बाई डोकं धरून बसतात. पावणेचारला मुंगी पाठीवर दप्तर अडकवून टेबलाजवळ येते, टाचा उंच करते आणि पेन्सिल हातात घेऊन कागदावरचं कच्चं पत्र वाचते. पहिल्याच शुक्रवारी बाईंनी मोठ्या धीराने सगळं खरं लिहिलं होतं. मागच्या पत्रांची माफी मागितली होती. वर्ग पुन्हा मोजला, तो सव्वीस फूट चार इंच भरला. कुजलेला घेवडा फेकून मुलांनी वाट्या धुतल्या.

"'मुलांनी आनंदाने वाट्या धुतल्या,'" मुंगीने वाचलं. "मला नाही आनंद झाला. वास येत होता. मागच्या बाकावरच्या दोघांना झाला, ते पाणी उडवत होते."

बाईंनी 'आनंदाने' खोडलं आणि 'दोघांनी आनंदाने' असं वर लिहिलं.

"'बाईंनी न रागावता समजावून सांगितलं.'" मुंगी थांबली आणि पेन्सिलचं टोक त्या ओळीखाली टेकवलं.

"ते राहू दे गं मुंगे," बाई हळूच म्हणाल्या. "तुझे आजोबा फाईलला लावतात. काय वाचतील ते?"

"काही नाही वाचणार, बाई," मुंगी म्हणाली. "आजोबा आता पत्र वाचत नाहीत. मलाच विचारतात."

बाईंनी ती ओळही खोडली.